उकिरड्याचे अर्थशास्त्र

वर्षानुवर्षे मका निर्यात करणाऱ्या आपल्या देशावर 2024 साली म्यानमार आणि युक्रेन या देशांतून मका आणण्याची पाळी आली. पीक बुडाले होते असे नव्हे. पेट्रोलमध्ये मिसळावयाच्या इथेनॉलसाठी मक्याची मागणी एकाएकी वाढली आणि कोंबड्या, गुरे व डुकरे यांच्या तोंडचा घास मोटारींच्या टाकीत जाऊ लागला. पुढच्याच वर्षी, 2025 च्या खरिपात, मका भरघोस आला आणि तोच मका अनेक बाजारांत क्विंटलमागे 2400 रुपये या हमीभावाच्याही खाली विकला गेला. एका वर्षी जनावरे पाळणारा रडला, दुसऱ्या वर्षी शेतकरी रडला. या ओढाताणीत कोंबडीवाल्यांच्या संघटना दिल्लीपर्यंत जाऊन गाऱ्हाणे मांडू शकतात. गाई-म्हशी पाळणाऱ्यांच्या पाठीशी दूधसंघ असतात. डुकरे पाळणाऱ्याचे गाऱ्हाणे मात्र गावच्या पंचायतीतदेखील कोणी ऐकून घेत नाही.

डुक्कर हा शब्द अग्रलेखात पाहून आमच्या काही वाचकांनी नाक मुरडले असेल. गोमंतकातील हिंदू घरांत हा प्राणी पाळला जात नाही, त्याचे नाव स्वयंपाकघरात घेतले जात नाही. शेजारच्या ख्रिस्ती वाड्यावर तो पाळला जातो, सणासमारंभाला त्याचे पदार्थ होतात, आणि शेजारधर्म म्हणून आपण त्याकडे काणाडोळा करतो. कोणी काय खावे हा या लेखाचा विषय नाही. परंतु ज्या धर्मपरंपरेत भगवंताने पृथ्वीच्या उद्धारासाठी वराहाचे रूप घेतले असे आपण मानतो, ज्या मध्य प्रदेशात एरण आणि उदयगिरी येथे वराहाची भव्य शिल्पे दीड हजार वर्षे उभी आहेत, तेथे हा प्राणी पाळणाऱ्या माणसाला गावकुसाबाहेर ठेवण्यात आले, याची थोडी लाज वाटावयास हरकत नसावी. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ या 2013 च्या चित्रपटाने हे सत्य मराठी प्रेक्षकांसमोर ठेवले. चित्रपट पाहून प्रेक्षक हळहळले आणि घरी गेले. त्या घरांच्या चुलीचा हिशेब कोणी मांडला नाही. तो हिशेब मुख्यतः खाद्याचा आहे.

देशातील डुकरांची संख्या 2012 मध्ये सुमारे 1 कोटी 3 लाख होती. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत ती 90 लाख 60 हजारांवर आली, म्हणजे सात वर्षांत बारा टक्क्यांची घट झाली. शहरांनी मोकाट डुकरांविरुद्ध मोहिमा काढल्या, उकिरडे नाहीसे होऊ लागले, आणि उकिरड्यावर फुकट चरणारे जनावर एकदम विकतच्या खाद्यावर आले. स्वच्छता हवीच, तिच्याविरुद्ध आमची तक्रार नाही. पण डुक्करपालनाच्या एकूण खर्चात सत्तर ते पंचाहत्तर टक्के खर्च खाद्याचा असतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला उकिरडा गेल्यावर भूमिहीन कुटुंबाचे काय झाले असेल हे निराळे सांगावयास नको. मका आणि सोयाबीनची पेंड विकत घेऊन दोन-चार माद्या पाळणे त्याला परवडत नाही. मग स्वस्तात काय चारता येईल, हा प्रश्न उरतो. शास्त्रज्ञ यालाच ‘पर्यायी खाद्य’ म्हणतात.

या प्रश्नाचा विचार करताना आमच्या डोळ्यांसमोर येतात ते सातपुड्याच्या कुशीतील पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके. गोव्याच्या वर्तमानपत्राने इतक्या दूरच्या मुलुखाची चिंता का वाहावी, असे कोणी विचारील. एक तर तो मुलूख आपल्याच भाषेचा आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि नागपूरच्या उंबरठ्यावरचे हे मराठी तालुके छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशात राहिले. बाहेरच्या जगाला पांढुर्णा ठाऊक आहे ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे. वर्षातून एक दिवस दगडफेकीची छायाचित्रे छापून यावीत आणि उरलेल्या दिवसांत तेथे काय पिकते हे कोणी विचारू नये, हा त्या गावावर अन्यायच होय. दुसरे असे की, गोव्यात जनावरांचे जे तयार खाद्य येते त्याचा मका आणि सोयाबीन बहुतांशी घाटापलीकडून येतो. ज्या प्रदेशांत तो पिकतो तेथील उलाढालीशी आपल्या गोठ्यांचा आणि खुराड्यांचा भाव बांधलेला आहे.

तिसरे आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे कारण असे की, या विषयातले सगळे प्रश्न आणि बरीचशी उत्तरे त्या दोन तालुक्यांत एकत्र सापडतात. तेथे कापूस आहे, म्हणजे सरकीची ढेप आहे. आपण जिला पेंड म्हणतो तिला तिकडे ढेप म्हणतात. सोयाबीन आहे, तूर आहे, म्हणून डाळ भरडल्यावर उरणारी चुनी आहे. संत्र्याच्या बागा आहेत आणि बागांबरोबर फळगळ आहे. छिंदवाड्याचा मका प्रसिद्ध आहे, आणि आता सौसरच्या बोरगाव औद्योगिक क्षेत्रात धान्यापासून इथेनॉल काढणारा मोठा कारखाना आहे, म्हणजे आसवनीचा चोथाही आहे. इतके सारे असून त्यातील किती गोष्टी डुकराच्या पोटात सुरक्षितपणे जाऊ शकतात, हे पाळणाऱ्याला सांगावयास कोणी जात नाही.

येथे पोटाची रचना ध्यानात घ्यावी लागते. गाय-म्हैस रवंथ करतात. त्यांच्या चार कप्प्यांच्या जठरात सूक्ष्मजंतूंची एक भट्टीच चालू असते, तीत कडबा शिजतो आणि बरीचशी विषेही निष्प्रभ होतात. डुकराचे जठर एका कप्प्याचे, म्हणजे माणसासारखे. त्याला कडब्याचा उपयोग फारसा होत नाही आणि विष पचविण्याची सोय त्याच्यापाशी नाही. सरकीची ढेप म्हशीला घातली की दूध वाढते. विदर्भातील प्रत्येक गवळी हे जाणतो. तीच ढेप डुकराला भरपूर घातली तर तिच्यातील गॉसिपॉल नावाचे द्रव्य त्याच्या शरीरात साठत जाते. पहिले काही आठवडे काहीच कळत नाही. मग जनावराला धाप लागते, त्याचे हृदय खचते आणि एके दिवशी ते अचानक मरून पडते. मालक समजतो की साथ आली. खाद्यात दर किलोमागे 100 मिलिग्रॅमपेक्षा अधिक मुक्त गॉसिपॉल असू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, योग्य प्रमाणात मिसळला तर ते द्रव्य बांधले जाते. हिराकस हा काही दुर्मिळ पदार्थ नव्हे. पण किती ढेपेला किती हिराकस, हे मोजून सांगणारा माणूस दुर्मिळ आहे. त्याच्या अभावी ज्या मुलखात ढेपेचे ढीग लागतात तेथेच ती डुकराला चारणे धोक्याचे ठरते.

आसवनीच्या चोथ्याची कथा अधिक विचार करावयास लावणारी आहे. एक टन मक्यापासून सुमारे 380 लिटर इथेनॉल निघते आणि 300 किलोच्या आसपास सुका चोथा उरतो. मक्यातील पिष्ट जाते, प्रथिने, तेल आणि तंतू उरतात. मक्यात प्रथिने आठ-नऊ टक्के, तर चोथ्यात ती सव्वीस-सत्तावीस टक्क्यांच्या पुढे जातात. कागदावर हा सौदा उत्तम दिसतो. पण पिष्ट गेल्यामुळे जशी प्रथिने तिप्पट दाट होतात, तशीच मक्यावर आलेल्या बुरशीची विषेही तिप्पट दाट होतात. पावसात भिजलेला आणि नीट न वाळवलेला मका आसवनीत गेला, तर मद्यार्कात ते विष उतरत नाही, ते सारे चोथ्यात राहते. गाभण मादीच्या पोटात असा चोथा गेला तर गर्भधारणेवरच घाला येतो. शिवाय या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक अपुरा असतो आणि डुकराच्या वाढीला नेमका तोच सर्वांत आधी कमी पडतो. म्हणून सोयाबीनची पेंड पूर्णपणे काढून टाकता येत नाही, तिचा वाटा कमी करता येतो इतकेच. चोथ्याच्या प्रत्येक खेपेची बुरशीच्या विषासाठी तपासणी करून तिचा दाखला पोत्यावर लावण्याची सक्ती झाली, तर लहान पाळणाऱ्यालाही तो निःशंकपणे घेता येईल. मोठे खाद्य-कारखाने आपल्या प्रयोगशाळेत तपासून घेतात. ज्याच्यापाशी प्रयोगशाळा नाही त्याच्या जनावराने ती तपासणी आपल्या जिवाने करावी, हा न्याय चमत्कारिक आहे.

संत्र्याविषयी मात्र उत्साहाला थोडा आवर घालणे बरे. ब्राझील आणि फ्लोरिडा येथे रसाचे प्रचंड कारखाने आहेत, तेथे सालींचा व चोथ्याचा सुकवून मोठा व्यापार चालतो. नागपुरी संत्रे हे हातात धरून सोलून खाण्याचे फळ. पांढुर्णा-सौसरकडून ते गाड्या भरून सोललेले नव्हे तर सबंधच बाहेर जाते, त्यामुळे सालींचे ढीग तेथे नाहीत. तेथे ढीग असतात ते आंबिया बहराच्या गळलेल्या फळांचे आणि बाजारात उचल नसलेल्या बारीक मालाचे. पावसाळ्याच्या अखेरीस ही फळे झाडाखाली कुजतात आणि पुढच्या वर्षीच्या रोगांना व फळमाश्यांना आमंत्रण देतात. ती वेचून न्यावीत यात बागाईतदाराचाही लाभ आहे. परंतु शंभर किलो फळांत सत्त्याऐंशी किलोच्या जवळपास पाणीच असते. उरलेल्यात साखर आणि पेक्टिन आहे, प्रथिने नावापुरती. ही फळे चिरून गव्हाच्या कोंड्यात किंवा तुरीच्या चुनीत मिसळावी, खड्ड्यात दाबून हवाबंद मुरवावी आणि वाढत्या जनावराला एकूण खाद्याच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत द्यावी, मोठ्या माद्यांना थोडी अधिक, पिलांना मुळीच नाही. बियांत लिमोनिन नावाचे कडवट द्रव्य असते, ते डुकरांना आणि कोंबड्यांना अपायकारक आहे, म्हणून बियांची पेंड चारू नये. आणि ज्या झाडांवर नुकतीच औषधफवारणी झाली आहे त्यांच्याखालची फळे उचलूच नयेत. एवढी पथ्ये सांभाळून जे मिळते ते थोडे आहे. थोडे असले तरी ते फुकट आहे.

आता विकरांकडे वळू, ज्यांना औषधांच्या दुकानात एन्झाइम म्हणतात. पोटात अन्नाचे तुकडे करणारी ही द्रव्ये प्रत्येक प्राण्याच्या शरीरात तयार होतात, पण प्रत्येकाच्या शरीरात सगळी नसतात. धान्ये आणि पेंडी यांतील स्फुरदापैकी सुमारे दोन-तृतीयांश भाग फायटिक आम्लात कुलूपबंद असतो. ते कुलूप उघडणारे फायटेज हे विकर डुकराच्या आतड्यात पुरेसे नसते. त्यामुळे खाल्लेला स्फुरद शेणावाटे निघून जातो आणि हाडे पोसण्यासाठी खनिज-मिश्रण वेगळे विकत घ्यावे लागते. 1991 साली नेदरलंड्समध्ये फायटेज बाजारात आले, ते मुख्यतः डुकरांच्या शेणातील स्फुरदाने तेथील जमीन व पाणी बिघडू लागले म्हणून. पांढुर्ण्यात ही अडचण नाही. तेथे ते शेण संत्र्याच्या बागेत गेले तर झाडे तृप्तच होतील. आपल्याकडे फायटेजचा उपयोग निराळ्या कारणासाठी आहे. स्फुरदाचा कच्चा माल आपण मोठ्या प्रमाणावर परदेशांतून आणतो, म्हणून खनिज-मिश्रण महाग पडते. दर किलो खाद्यात फायटेजची सुमारे 500 एकके मिसळली तर त्यातील बराचसा खर्च वाचतो. परदेशच्या कारणाने आलेली वस्तू आपल्या कारणासाठी वापरावी, तिची जाहिरात जशीच्या तशी उचलू नये.

झायलानेजसारखी दुसरी विकरे गव्हाच्या कोंड्यातील तंतूंची जाळी तोडतात आणि आत अडकलेले सत्त्व मोकळे करतात. गव्हावर त्यांचा गुण चांगला दिसतो, मक्याच्या चोथ्यावर तो कमीअधिक, आणि संत्र्याच्या पेक्टिनवरील प्रयोगांचे निकाल एकसारखे नाहीत. विक्रेता हे सांगत नाही. त्याच्या पत्रकात एका पुडीने सर्व काही पचते. विकराने कडब्याची ज्वारी होत नाही, गॉसिपॉलचे विष उतरत नाही, बुरशी आलेला मका शुद्ध होत नाही. शिवाय विकर हे स्वतःच एक प्रथिन आहे, उकळत्या अन्नात टाकले की मरते. आपल्याकडे घरोघरी डुकरांचे खाद्य शिजवून घालतात. त्या उकळत्या भांड्यात ही पुडी रिकामी केली तर पैसे वाफेवर गेले असे समजावे. अन्न कोमट झाल्यावर ती मिसळावयाची असते. हे एक वाक्य पुडीवर मराठीत आणि हिंदीत ठळक छापावयास कंपन्यांना किती खर्च येईल?

आणखी एक गोष्ट विक्रेत्याच्या पत्रकात कधीच नसते, ती आम्ही मुद्दाम सांगतो. गव्हाच्या कोंड्यात फायटेज निसर्गतःच भरपूर असते. मक्यात आणि पेंडींत ते नसल्यासारखेच. भरडलेला मका, पेंड आणि गव्हाचा कोंडा एकत्र करून कोमट पाण्यात रात्रभर भिजत ठेवला आणि त्यात आदल्या दिवशीचे थोडे आंबवण विरजणासारखे घातले, तर कोंड्यातले विकर जागे होते, मिश्रण आंबते आणि स्फुरदाचा काही भाग सकाळपर्यंत मोकळा होतो. आंबील करणाऱ्या आणि इडलीचे पीठ आंबविणाऱ्या घरांना यात नवल वाटू नये. कारखान्यातील विकराइतका नेमकेपणा यात नाही. पण ज्याच्याकडे चार जनावरे आहेत त्याला पंचवीस किलोचे पिंप नको असते, त्याला कोंड्याची अर्धी पिशवी आणि एक मडके पुरते. कच्चे सोयाबीन मात्र नुसते भिजवून घालू नये. ते भाजल्याशिवाय पचत नाही, उलट इतर अन्नाच्या पचनातही अडथळा आणते.

या सर्व खटाटोपाला रोगाची दुसरी बाजू आहे. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा रोग 2020 मध्ये ईशान्य भारतात प्रथम आढळला आणि 2022 मध्ये मध्य प्रदेशातील रीवा शहरात पोचला. माणसाला तो होत नाही, परंतु ज्या वाड्यावर तो येतो तेथील डुकरे साफ होतात, आणि वाचलेली सरकार मारून टाकते. उपाहारगृहांतील उष्टे न उकळता चारणे हा त्याच्या प्रसाराचा एक हमरस्ता आहे. गोव्यात हॉटेलांचे उष्टे भरपूर, आणि ते डुकरांना घालण्याची रीतही जुनी. उष्टे पूर्णपणे उकळूनच द्यावे, असा नियम आहे तो पाळला जातो की नाही हे पाहण्याची जबाबदारी पशुसंवर्धन खात्याची आहे. परंतु पाळणाऱ्याला स्वस्त आणि निर्धोक पर्याय दिला नाही, तर नुसत्या नियमाने उष्ट्याची बादली थांबणार नाही. शंभर माद्यांचा गोठा असणाऱ्याला तयार खाद्य परवडते, चार माद्यांच्या मालकाला ती बादली हाच आधार.

सरकारी योजनांचा रोख नेमका उलट आहे. 2021 साली सुधारलेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानात डुक्कर-प्रजनन केंद्रासाठी पन्नास टक्के, जास्तीत जास्त 30 लाख रुपये अनुदान ठेवले आहे. रक्कम मोठी आहे, पण तिला हात लावण्यासाठी जमीन हवी, बँकेची पत हवी, प्रकल्प-अहवाल हवा. ज्या जातींनी पिढ्यान् पिढ्या हा प्राणी सांभाळला, त्यांच्यापाशी यातले काहीच नाही. तेव्हा अनुदान जाईल ते नव्याने या धंद्यात उतरणाऱ्या भांडवलवाल्यांकडे. धंदा प्रतिष्ठित होईल आणि जुने पाळणारे त्यातून बाहेर फेकले जातील. आमचा या योजनेला विरोध नाही. पण तिच्यातील एक लहान हिस्सा दोन ते दहा माद्या पाळणाऱ्यांच्या सहकारी खाद्य-केंद्रांसाठी वेगळा काढावा, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

ज्ञान नाही असेही नाही. डुकरांवरील अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प 1970-71 मध्ये सुरू झाला तेव्हापासून जबलपूर हे त्याचे एक केंद्र होते, आणि पांढुर्णा त्याच राज्यात आहे. आपल्या जुने गोवे येथील केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्थेत काजूची बोंडे पिळून उरलेला चोथा आणि बिअरच्या कारखान्यातील चोथा यांच्या पशुखाद्यातील उपयोगावर काम झाले आहे. ‘आगोंद गोवन’ या आपल्या देशी डुकराला नोंदणीकृत जातीचा मानही मिळाला आहे. मोठ्या विलायती जातींपेक्षा अशी देशी जनावरे निकस खाद्यावर तग धरतात, हा त्यांचा गुण पर्यायी खाद्याच्या दृष्टीने मोलाचा आहे. त्यांची वाढ सावकाश होते, ही त्याची किंमत.

पांढुर्णा 2023 मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या जिल्ह्यात नवी कार्यालये उभी राहतात, पदे भरली जातात, कामाच्या रीती अजून घट्ट झालेल्या नसतात. तेथील पशुवैद्यकीय खात्याने पहिल्या काही वर्षांतच सरकीच्या ढेपेतील गॉसिपॉल, चोथ्यातील बुरशीचे विष आणि खाद्यातील प्रथिने यांची नाममात्र दरात तपासणी करणारी एक लहान प्रयोगशाळा उभारावी. तिचा लाभ डुकरांइतकाच कोंबडीवाल्यांना आणि गवळ्यांनाही मिळेल, म्हणून तिला विरोध होण्याचे कारण नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी खात्याच्या माणसाने गावकुसाबाहेरच्या वस्तीत जाऊन भिजवण आणि हिराकस यांचे प्रमाण प्रत्यक्ष करून दाखवावे, मराठीत बोलून दाखवावे. आणि आपल्या गोव्याच्या पशुसंवर्धन खात्याने काजूचा हंगाम सुरू होण्याआधी, म्हणजे फेब्रुवारीपूर्वी, बोंडांचा चोथा मुरविण्याचे खड्डे किती पाळणाऱ्यांकडे तयार आहेत याची तालुकावार मोजणी करून ती प्रसिद्ध करावी.